स्लाइडवरचा रंग वाचायला शिकताना: ऊतिरसायनशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिला सराव माणसाच्या ऊतीवर करू नका. द्राक्षाच्या काडीवर करा.

नाशकात ऑक्टोबर छाटणी झाली की बागांच्या बांधाला काड्यांचे ढीग पडतात. त्यातली पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली एक काडी उचला, रात्रभर पाण्यात भिजवा आणि दाढीच्या कोऱ्या ब्लेडने तिचे आडवे काप घ्या. वीस काप घेतले तर दोन-तीन जमतील, तेवढे पुरतात. एका कापावर आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण टाका. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषांमधले पिष्टमय कण निळे-काळे होतील. पुढच्या हंगामात डोळे फुटतात ते याच साठ्यावर. दुसऱ्या कापावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की लिग्निन असलेला लाकडी भाग लालभडक होतो. हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, शिक्षक शेजारी असताना करायचे आणि आम्ल सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लागू द्यायचे नाही. तिसऱ्या कापावर फेरिक क्लोराइड टाकले की टॅनिन असलेल्या पेशी काळपट पडतात. चौथा काप नुसत्या पाण्यात ठेवा.

नवीन मुले हमखास गाळतात तो हा चौथा काप. काडीला स्वतःचा तपकिरी रंग असतो. तो आधी पाहिला नसेल, तर टॅनिनमुळे काय बदलले हे सांगणार कसे?

आता लासलगावचा एक कांदा घ्या. आतला पापुद्रा सोलून त्यावर तेच आयोडीन टाका. पेशींच्या भिंती आणि केंद्रके पिवळसर दिसतील, निळे काहीच दिसणार नाही. द्रावण खराब झाले म्हणून पुष्कळ जण बाटली बदलतात. पण कांदा आपला साठा शर्करा आणि फ्रुक्टन (फळशर्करेच्या साखळ्या) यांच्या रूपात ठेवतो, त्या पापुद्र्यात पिष्ट नसतेच. हे खात्रीने म्हणायचे असेल तर शेजारी बटाट्याचा काप हवा. त्याच बाटलीतल्या आयोडीनने बटाटा निळा झाला आणि कांदा झाला नाही, तरच कांद्याचे उत्तर धरायचे. (कोवळा देठ कापताना आधाराला गाजराची फोड घ्या, बटाट्याची नको. बटाट्याचे पिष्ट ब्लेडवरून तुमच्या कापावर येते आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.)

एवढ्यात सगळे ऊतिरसायनशास्त्र आले. ऊतीतला एखादा पदार्थ जागच्या जागी ठेवून त्याच्याशी ओळखीची रासायनिक अभिक्रिया करायची, रंग कुठे उमटला ते पेशीच्या रचनेशी जुळवायचे आणि शेजारच्या कंट्रोलवरून, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या कापावरून, तो रंग खरा की खोटा ते ठरवायचे. परीक्षानळीत ऊती वाटून घातली तर लोह किती आहे ते कळते, पण ते कोणत्या पेशीत आहे ते कळत नाही. आणि आजार ओळखायला नेमके तेच लागते.

तुकडा बरणीत पडतो तेव्हा

आता माणसाच्या ऊतीकडे येऊ. गाठीचा किंवा बायोप्सीचा तुकडा शरीराबाहेर आला की पेशींमधली विकरे (एन्झाइम) पेशीलाच पचवू लागतात. हे थांबवायला फॉर्मेलिन वापरतात. दुकानातून येणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग म्हणजे १० टक्के फॉर्मेलिन, म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. या दोन टक्केवाऱ्यांचा घोळ पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा होतो, म्हणून भिंतीवर लिहून ठेवा. एक लिटर बफर्ड फॉर्मेलिनसाठी ९०० मिली पाणी, १०० मिली फॉर्मेलिन, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बफर घातला नाही तर द्रावण हळूहळू आम्लधर्मी होते आणि रक्तातल्या हीमशी (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाशी) मिळून तपकिरी-काळे कण तयार होतात. ते कण हिवतापाच्या रंगद्रव्यासारखे दिसतात. बफरचे दहा ग्रॅम वाचवायला गेलो तर रुग्णाला नसलेला हिवताप चिकटण्याची भीती असते.

फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दहापट हवे, वीसपट असेल तर उत्तम. ते आत मुरते फार सावकाश, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर, आणि खोलवर आणखी मंद. म्हणून मोठा अवयव आला की तो चिरून ठेवायचा आणि कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या जाळीदार डबीत) तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड काप घालायचा नाही. स्तनाच्या गाठीवर पुढे हार्मोन रिसेप्टरची (हार्मोनला धरणाऱ्या प्रथिनाची) तपासणी होणार असेल, तर तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

बाहेरगावाहून आलेली एक बरणी मला आजही आठवते. अरुंद तोंडाच्या बाटलीत गर्भाशयातली गाठ कोंबली होती. आत जाताना ती मऊ होती म्हणून गेली. फॉर्मेलिनने टणक झाल्यावर बाहेर काही येईना. बाटली फोडावी लागली, आणि गाठीचा मधला भाग कुजून गेलेला निघाला, कारण तिथवर द्रावण पोचलेच नव्हते. दुसऱ्या एकदा तुकडा सलाइनमध्ये आला, उन्हाळ्यात, सकाळपासून दुपारपर्यंतचा प्रवास करून. अशा ऊतीवर कोणताही रंग चढवा, ती खरे बोलत नाही. तुम्ही लॅबमध्ये कामाला लागलात तर पहिली भलाई ही करा: जिथून नमुने येतात तिथल्या सिस्टर आणि वॉर्डबॉयला रुंद तोंडाच्या बरण्या आणि भरपूर फॉर्मेलिन यांचे महत्त्व फोनवर, आदराने, पुन्हा पुन्हा सांगा.

एक मात्र ध्यानात ठेवा, फॉर्मेलिन सगळ्यांसाठी नाही. विकरांचे काम पाहायचे असेल तर ताजी ऊती गोठवावी लागते. चरबी पाहायची असेल तर पुढच्या प्रोसेसिंगमधले अल्कोहोल आणि झायलीन ती धुऊन नेतात आणि स्लाइडवर नुसती गोल भोके उरतात. तिथे गोठवलेला काप आणि ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग. म्हणजे काय शोधायचे आहे ते तुकडा बरणीत पडण्याआधी ठरलेले हवे. नंतर ठरवून उपयोग नाही.

ब्लॉक, रिबन, स्लाइड

हा भाग हाताने शिकायचा आहे, वाचून येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चढत्या प्रमाणातल्या अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे, वितळलेले मेण आत मुरवायचे, ब्लॉक करायचा आणि मायक्रोटोमवर (बारीक काप घेण्याच्या यंत्रावर) ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. कापांची रिबन कोमट पाण्यावर सोडून स्लाइडवर उचलायची.

आपल्या हवेचे तेवढे सांगायला हवे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा लॅबमध्येही सकाळी मेण ठिसूळ असते. कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होऊन रिबन ब्लेडला आणि बोटांना चिकटते. जवळ ओले फडके ठेवा आणि ब्लॉकवर हलकी फुंकर मारा. मे महिन्यात उलटी तऱ्हा, मेण मऊ पडते आणि काप चुरगळतात. तेव्हा प्रत्येक ब्लॉक बर्फावर उलटा ठेवून मगच कापायचा.

पहिला रंग नेहमी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येते. तुरटीच्या जातीच्या क्षाराच्या मदतीने ते केंद्रकाला निळे-जांभळे करते. इओसिन पेशीद्रव्याला गुलाबी करते. आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये बुडवून जादा रंग काढला की स्लाइड तांबूस दिसते. ती वाहत्या नळाखाली धरली की निळी होते, कारण नळाचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. ही निळाई येईपर्यंत थांबा, घाई करू नका. या एका स्लाइडवर बहुतेक निदाने होतात. विशेष रंग मागवायचा तो हिने एखादा प्रश्न उभा केला तर.

कलेजी आणि वजडी

विशेष रंगांचा सराव रुग्णांच्या ब्लॉकवर करणे मला मान्य नाही. त्या ब्लॉकमधला प्रत्येक मायक्रॉन रुग्णाचा आहे, उद्या पुन्हा लागू शकतो. मटणाच्या दुकानातून ताजी कलेजी, वजडी आणि तिल्ली आणा. बरणी सोबतच न्या आणि दुकानातच तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाका. कलेजीत ग्लायकोजेन मिळते, वजडीतल्या आतड्यात श्लेष्म भरलेल्या गॉब्लेट पेशी आणि तिल्लीत, म्हणजे प्लीहेत, मोडलेल्या लाल पेशींचे लोह. तीन ब्लॉक केलेत की वर्षभराचे सराव-कंट्रोल तयार.

कलेजीवर पीएएस (पर्आयोडिक आम्ल-शिफ) करा. पर्आयोडिक आम्ल शर्करेच्या साखळीतल्या, हायड्रॉक्सिल गट असलेल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनमधला बंध तोडून आल्डिहाइड तयार करते. शिफचे रंगहीन द्रावण त्या आल्डिहाइडशी जुळून किरमिजी होते. ह्यूगो शिफने हे द्रावण १८६६ मध्ये दिले होते, ऊतीतल्या श्लेष्मासाठी ही पद्धत मॅकमॅनसने १९४६ मध्ये मांडली. एवढ्या साध्या अभिक्रियेला ऐंशी वर्षे वाट पाहावी लागली याचे मला अजून आश्चर्य वाटते.

मेण काढून पाण्यापर्यंत आणलेल्या तीन स्लाइड घ्या. पहिली सरळ करा: १ टक्का पर्आयोडिक आम्ल दहा मिनिटे, डिस्टिल्ड पाण्याने धुणे, शिफ पंधरा मिनिटे, मग नळाच्या वाहत्या पाण्यात दहा मिनिटे. किरमिजी रंग या पाण्यात खुलतो. शेवटी हलके हिमॅटॉक्सिलिन. दुसऱ्या स्लाइडवर आधी डायस्टेज (ग्लायकोजेन फोडणारे विकर) घालून ३७ अंशांवर तासभर ठेवा. डायस्टेज नसेल तर स्वतःची लाळ चालते. लाळेतले अमायलेज ग्लायकोजेन तसेच फोडते आणि जुन्या लॅबमध्ये असेच करत. आता या स्लाइडवरचा किरमिजी रंग गेला, म्हणजे पहिलीवरचा रंग ग्लायकोजेनचा होता. तिसऱ्या स्लाइडला पर्आयोडिक आम्ल देऊच नका, थेट शिफ द्या. ती रंगली तर ऊतीत आधीच आल्डिहाइड होते, ग्लुटरल्डिहाइडने स्थिर केलेल्या ऊतीत ते असते, आणि मग पहिल्या स्लाइडवरही विश्वास ठेवता येत नाही.

डायस्टेजनंतरही यकृताच्या पेशीत किरमिजी गोळे टिकून राहिले, तर डॉक्टरांच्या भुवया उंचावतात. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन बिघडले की ते पेशीच्या अंतर्द्रव्यजालिकेतून बाहेर पडू शकत नाही, आतच साचते. ते गोळे त्याचे असू शकतात. रंगाने शर्करायुक्त प्रथिन दाखवले, पण ते तिथे का अडकले हे पेशीविज्ञानाने सांगितले. दोन्ही विषय एकत्र शिका म्हणतो ते यासाठी.

शिफची बाटली फ्रिजमध्ये, अंधारात ठेवा. द्रावण गुलाबी दिसू लागले की टाकून द्या. शंका आली तर थोड्या फॉर्मेलिनमध्ये दोन थेंब टाकून पाहा, झटकन किरमिजी व्हायला हवे.

निळे ठिपके आणि माझी चूक

लोहासाठी पर्ल्सची पद्धत १८६७ पासून आहे. २ टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड आणि २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आयत्या वेळी समसमान मिसळायचे आणि स्लाइड वीस-तीस मिनिटे त्यात ठेवायची. आम्ल हिमोसिडरिनमधले (पेशीत साठलेल्या लोहाच्या कणांमधले) फेरिक लोह मोकळे करते आणि ते जागीच निळे होते. हिमोग्लोबिनमधले लोह घट्ट बांधलेले असते, म्हणून लाल पेशी निळ्या होत नाहीत.

नंदुरबारपासून सुरगाणा-पेठपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या यकृतात किती लोह साठले आणि ते कुप्फर पेशींत (यकृतातल्या भक्षक पेशींत) आहे की यकृतपेशींत, हे या स्लाइडवर दिसते. बाहेरून दिलेल्या रक्तातून येणारे लोह आधी कुप्फर पेशींत भरते, यकृतपेशींत पोचते ते पुढे. ठिकाण बदलले की अर्थ बदलतो.

शिकाऊ असताना एका यकृतावर मी जागोजाग निळे ठिपके पाहिले आणि आनंदाने स्लाइड सरांकडे नेली. सरांनी फोकसची बारीक चकती फिरवली. ठिपके स्पष्ट झाले तेव्हा पेशी पुसट होत्या, पेशी स्पष्ट झाल्या की ठिपके पुसट. रंग ऊतीत नव्हता, वर बसलेला होता. मी गंजलेला चिमटा वापरला होता आणि द्रावण नळाच्या पाण्यात केले होते. निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे लोह नसलेल्या ऊतीची, स्लाइड लावली असती तर तीही ठिपक्यांनी भरली असती आणि माझे मलाच कळले असते. मी ती लावली नव्हती. त्या दिवसापासून पर्ल्ससाठी प्लास्टिकचा चिमटा आणि डिस्टिल्ड पाणी, आणि प्रत्येक बॅचला दोन कंट्रोल.

क्षय, कुष्ठ आणि शेंगदाण्याचे तेल

मानेच्या गाठीत ग्रॅन्युलोमा (भक्षक पेशींचा पुंजका) दिसला की झील-नील्सन रंग करतात. क्षयाच्या जिवाणूच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचे मेणचट आवरण असते. गरम केलेले कार्बोल फुक्सिन एकदा आत गेले की आम्लाने धुऊनही ते सोडत नाही. ऊतीत हे जिवाणू फार थोडे असतात. तेलाच्या शंभर पट भिंगाखाली, मृत भागाच्या कडेकडेने, चिकाटीने शोधावे लागतात. सापडले नाहीत म्हणजे क्षय नाही, असे कधीही लिहू नका.

कुष्ठरोगाचा जिवाणू याच कुळातला, पण त्याचे आवरण नाजूक. नेहमीच्या झायलीननेच त्याची मेणचट भिंत उघडी पडते आणि मग आम्ल रंग धुऊन टाकते. म्हणून फाइट-फराको पद्धतीत मेण काढताना झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात आणि आम्लही सौम्य घेतात. आपल्या स्वयंपाकघरातले तेल एका जिवाणूची भिंत सांभाळते, हे शिकवताना मुले हसतात आणि मग कधी विसरत नाहीत.

विकर काम करते की नाही

इथे ऊतिरसायनशास्त्र मला सगळ्यात सुंदर वाटते, कारण इथे पदार्थाच्या असण्यापेक्षा त्याचे काम दिसते. स्नायूचा ताजा तुकडा द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवतात. थेट नायट्रोजनमध्ये टाकला तर भोवती वायूचा थर बनतो, तुकडा हळू गोठतो आणि बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. मग कापाला विकराचा कच्चा माल द्यायचा. विकर जिवंत असेल तर जागच्या जागी रंग तयार होतो.

तंतुकणिकेतली (मायटोकॉन्ड्रियातली) दोन विकरे पाहतात: सायटोक्रोम ऑक्सिडेज आणि सक्सिनेट डिहायड्रोजनेज. पहिल्याचे काही भाग तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात, दुसरे पूर्णपणे केंद्रकातल्या डीएनएवरून. एकाच कापावर दोन्ही रंग दिले आणि काही स्नायुतंतूंत पहिल्याचा तपकिरी रंग न येता दुसऱ्याचा नुसता निळा उरला, तर बिघाड तंतुकणिकेच्या डीएनएकडे बोट दाखवतो. जनुक न वाचता, दोन रंगांच्या फरकावरून एवढे कळते. ही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच असते. पण तुकडा गोठवून पाठवायचा की फॉर्मेलिनमध्ये, हा निर्णय मात्र नाशकातच घ्यावा लागतो, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

प्रतिपिंडे: तपकिरी रंग कुठे आहे?

अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चकाकणारा रेणू जोडला आणि १९४२ मध्ये त्याने ऊतीत न्यूमोकोकसचे प्रतिजन दाखवले. आजचे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री त्याच वाटेने पुढे आले. क्रम असा: मेण काढा. फॉर्मेलिनने प्रथिनांत घातलेल्या गाठी सोडवण्यासाठी स्लाइड बफरमध्ये उकळा, अनेक प्रतिपिंडांना पीएच ६चा सायट्रेट बफर चालतो. ऊतीतले स्वतःचे पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडने गप्प करा, नाहीतर लाल पेशीच तपकिरी होतील. मग प्राथमिक प्रतिपिंड, विकर जोडलेले दुय्यम प्रतिपिंड, डीएबी (त्या विकरामुळे तपकिरी होणारे रसायन) आणि हिमॅटॉक्सिलिन. डीएबी हाताळताना हातमोजे कधीही काढू नका, ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. फॉर्मल्डिहाइड तर सिद्ध कर्करोगकारक आहे, म्हणून ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेले तुकडे चिरण्याच्या, टेबलावर हवा खेचणारा पंखा चालू असलाच पाहिजे. बिघडला असेल तर दुरुस्तीसाठी भांडा.

स्लाइड पाहताना रंग किती गडद हे नंतर. आधी विचारा, कुठे? इस्ट्रोजेन रिसेप्टर केंद्रकात काम करतो, तर तपकिरी रंग केंद्रकातच हवा. एचईआर-२ हा दुसरा रिसेप्टर पेशीपटलावर असतो, तर पेशीभोवती कडे दिसायला हवे. इस्ट्रोजेन रिसेप्टरची स्लाइड पेशीद्रव्यात तपकिरी आली, तर तो पॉझिटिव्ह धरायचा नाही. शेजारच्या निरोगी दुग्धनलिकांकडे बघा. त्यांच्या काही केंद्रकांत रंग असायलाच हवा, हा निसर्गाने त्याच कापात ठेवलेला कंट्रोल आहे. त्यातही रंग नसेल, तर गाठीचे "निगेटिव्ह" लिहिण्याआधी तपासणी पुन्हा करा. या एका शब्दावर त्या बाईंना हार्मोनविरोधी गोळ्या मिळणार की नाही, हे अवलंबून असते.

नाशकात सुरुवात कुठून

प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी असाल, तर कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयांत ब्लेड, आयोडीन आणि सूक्ष्मदर्शक मिळतोच, तेवढ्यावर काडी आणि कांदा होतात. प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायचे असेल, तर १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. कोणते अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहेत ते तिथूनच तपासा, जाहिरातीवरून नव्हे. रुग्णांच्या ऊतींवर संशोधन करायचे असेल, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या. "टाकून देणारच होते" हे कारण चालत नाही. उरलेल्या ऊती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात आणि वापरलेले फॉर्मेलिन मोरीत ओतायचे नसते.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. प्रत्येक बॅचला तारीख, द्रावण कधी केले, खोलीचे तापमान, पॉझिटिव्ह कंट्रोल कसा आला, निगेटिव्ह कसा आला, आणि मगच नमुन्याचा रकाना. सूक्ष्मदर्शकाखालीही याच क्रमाने स्लाइड लावा. पॉझिटिव्ह कंट्रोल रंगला नसेल, तर नमुन्याची स्लाइड ट्रेमध्येच राहू द्या आणि नवे द्रावण करायला उठा.